मुरुगवाड्यातून अमेरिकेला एक मत

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा याची रत्नागिरीत कुणाला खरोखर काळजी असेल तर ती आमच्या घरमालक काकांना होती. मुरुगवाड्यात, समुद्राकडे उतरणाऱ्या, दगडी पायऱ्यांच्या पाखाडीच्या टोकाला त्यांचं चिऱ्याचं घर. वरच्या खोलीत मी भाड्याने राहायची. सकाळी ऑफिसला जायला जिना उतरले की पडवीतून हाक यायची, "मॅडम, बगितलात काय? घड्याळवाला मागं पडला."

घड्याळवाला म्हणजे तिकडचा एक उमेदवार. त्याचं खरं नाव काकांना माहीत होतं, पण ते कधी घ्यायचे नाहीत. एका व्हिडिओत खाणावळीत जेवताना तो सारखा मनगटाकडे बघत होता, म्हणून घड्याळवाला. बाकीच्यांनाही अशीच नावं. पाखाडीवरच्या सगळ्यांना ती पाठ झाली होती. टोपली घेऊन येणारी मासेवालीसुद्धा उंबऱ्यावर टेकता टेकता विचारायची, "काय वो, तुमचा हसरा काय म्हणतो?"

पहिल्यांदा मला काही कळेना. तिकडची निवडणूक तर अजून वर्षावर होती. तेव्हा काकांनी समजावून सांगितलं. "आपल्याकडं तिकीट वरून येतं. तिकडं तसं नाय. एका पक्षाचे धा जण उभे राहतात, मंग त्या पक्षाची माणसं आपसात मतं देतात, यातला आपला कोण म्हणून. एकेका राज्यात वेगळ्या दिवशी. तो जिंकला की मंग मोठी लढाई. आमची बाय त्या पहिल्या मतदानाला असते."

बाय म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिकडे नर्स होती, आणि तिकडची नागरिक झाली होती. तिचं मत कुणाला जावं हे काका ठरवायचे. उमेदवार जेवतो कसा, हे बघून.

यात चेष्टा काही नव्हती. काका मालवाहू बोटींवर स्वयंपाकी होते. मेसबॉय म्हणून चढले आणि चीफ कुक म्हणून उतरले. सगळी उमर माणसांना जेवताना बघण्यात गेली. ते म्हणायचे, "बोलताना माणूस सांभाळून बोलतो. चालताना पण छाती काढून चालतो. जेवताना विसरतो. तिथं त्याला पकडायचा."

मी राहायला आले त्याच संध्याकाळी मलाही असंच पकडलं होतं. सामान लावून होतंय न होतंय तोच ते डबा घेऊन दारात उभे. बांगड्याचं तिखलं आणि भात, चार जणांना पुरेल एवढा. "मासे खाता ना? घाटावरच्या म्हणून विचारतो." मी ताट वाढून घेतलं तरी ते हलेनात. चौकटीला टेकून बघत राहिले. नव्या गावात, नव्या घरात, एक म्हातारा आपल्याकडे टक लावून बघतोय आणि आपण मासा खातोय, मला घास गिळवेना. बऱ्याच दिवसांनी त्यांनी निकाल सांगितला. "काटे आधी सगळे बाजूला काढलात, मंग खाल्लात. तेव्हाच कळलं, ही बाई दार उघडं टाकून जायची नाय."

त्यांना थोडं रांधताच येत नसे. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, घरात ते एकटे, पण टोप बोटीवरचा असल्यासारखा चढायचा. पहाटे उठून नारळ खवायला बसायचे. दुपार व्हायच्या आत पाखाडीवरच्या घराघरांत डबे गेलेले असत. कुणाकडे बाळंतीण असली तर तिला वेगळं, कमी तिखट. श्रावणात मासे बंद झाले की फणसाच्या आठळ्या घालून भाजी आणि वाल. लोक पहिल्यांदा संकोचायचे, मग त्यांच्या डब्याची वाट बघायला लागले. कोणी उलट काही दिलं तर ते घ्यायचे, पण त्यातलं खाताना कुणी त्यांना बघितलं नव्हतं.

खाताना त्यांना कुणी बघितलंच नव्हतं. सगळ्यांना वाढून झालं, टोप घासून झाले की स्वयंपाकघरात ओट्यापाशी, दाराकडे पाठ करून, उभ्याने ते चार घास खाऊन घ्यायचे. मी एकदा काही विचारायला खाली गेले तर मागे न वळता म्हणाले, "आलो हां," आणि ताटली झटकन मोरीत ठेवली. चोरी पकडल्यासारखी. मी पुन्हा त्या वेळेला खाली गेले नाही.

नगरपालिकेच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डातला एक उमेदवार हात जोडत पाखाडी उतरून आला. मागे दहाबारा कार्यकर्ते. काकांनी त्याला पडवीत बसवलं आणि आत जाऊन पान वाढून आणलं. तो म्हणाला, "काका, आत्ता नको, अजून अख्खी वाडी फिरायचीय." काका म्हणाले, "मत मागायला आलास ना? मंग बस." तो बसला. सोलकढीचा एक घोट, भाताचे दोन घास, बोटं तिथेच झाडली आणि उठला. कार्यकर्त्यांना कुणी विचारलंही नाही. त्याने तरी विचारावं, अशी काकांची अपेक्षा होती. जाताना तो म्हणाला, "लक्ष असू द्या." काकांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "लक्ष हाय, पण मत नाय. तुझी माणसं उन्हात उभी, आणि तू एकट्यानं घास घेतलास." तो हसण्यावारी नेऊन गेला. भरपूर मतांनी निवडून आला.

त्यांनी पसंत केलेला माणूस निवडून आल्याचं मला आठवत नाही. इथला नाही, तिकडचा नाही. पण त्याने ते खट्टू होत नसत. "निवडून यायचं काम त्याचं. माझं काम बगायचं."

मुलीबरोबरचं हे बोलणं कसं सुरू झालं ते मला काकांनीच एकदा सांगितलं, श्रावणातल्या एका रविवारी. बोटी किनाऱ्याला लागलेल्या होत्या, बाहेर कोसळत होतं, आणि आम्ही पडवीत वाल सोलत बसलो होतो.

मुलगी लहान होती तेव्हा ते बोटीवर. एकेक करार नऊ-दहा महिन्यांचा. घरी यायचे तेव्हा ती आईच्या मागे लपायची. ती थोडी सलगीने बोलायला लागायची तोवर पुढच्या बोटीचा निरोप आलेला असायचा. ते कायमचे घरी आले तोवर ती मुंबईला नर्सिंग शिकायला गेली होती, आणि तिथून परस्पर अमेरिकेला. नंतर फोन यायचा तो आईसाठी. ते उचलायचे, म्हणायचे, "थांब हां, आईला देतो."

"आणि मंग आई गेली," काका म्हणाले. "फोन यायचा. बरी हाईस? हो. पाऊस हाय? हाय. तिकडं बर्फ? हो. झालं. दोघं पण गप्प. पैसे जात नाय त्या फोनला, तरी मी म्हणायचो, ठेवतो गो, बिल वाढंल."

मुलीचं नवऱ्याशी पटलं नव्हतं. ती वेगळी राहत होती. हेही त्यांना नाटे गावच्या त्यांच्या पुतण्याकडून कळलं होतं. मुलीला त्यांनी विचारलं नाही. काय विचारायचं ते सुचलं नाही, असं म्हणाले.

मग एका रविवारी ती बोलता बोलता म्हणाली, आता मी इकडची नागरिक झाले बाबा, यंदा पहिल्यांदा मत देणार, पण उभे राहिलेत बरेच, कळत नाही कुणाला द्यावं. काकांनी योगायोगाने आदल्या दिवशीच फोनवर एक व्हिडिओ बघितला होता. तिकडे मक्याच्या राज्यात मोठी जत्रा भरते, सगळे उमेदवार तिथे जातात आणि लोकांसमोर उभे राहून काहीबाही खातात. काकांनी तिला त्यातल्या एकाबद्दल सांगायला सुरुवात केली. त्याने कणीस कसं धरलं, लोणी हनुवटीवर ओघळलं तेव्हा रुमाल कुणी पुढे केला, त्याने त्या रुमाल देणाऱ्याकडे बघितलं की नाही. बोलता बोलता अर्धा तास झाला. मुलगी हसत होती.

"माज्या बोलण्याला ती हसली, हे मी पयल्यांदा ऐकलं," काका म्हणाले आणि वालाची साल बघत बसले.

त्या वेळी त्यांनी जो सांगितला त्याला तिने मत दिलं. तो पडला. दोघांनी मिळून दिलेलं मत, असं ते म्हणायचे. त्यानंतर तिकडे निवडणूक असो नसो, रविवारचा फोन ठरलेला. इथल्या आमदारांपासून तिच्या हॉस्पिटलच्या नव्या साहेबापर्यंत कोण कसा जेवतो हे काका तिला विचारायचे. ती बघून ठेवायची आणि सांगायची.

पुढच्या निवडणुकीच्या वेळी मी तिथे राहायला होते. काकांचं इंग्रजी बोटीवरचं, रोखठोक. पण उमेदवार व्यासपीठावर भराभर बोलायला लागले की त्यांना अडायचं. मग मला हाक. मी अर्थ सांगायची, ते मध्येच हात वर करायचे. "बोलण्याचं राहू द्या. जेवतानाचा हाय काय बगा."

त्या खेपेला त्यांनी निवडलेला माणूस कुठल्याशा लहान राज्यातला, जाडसर, टक्कल पडलेला. बातम्यांत त्याचं नाव शेवटी यायचं. जत्रेतल्या एका लांबलचक बाकावर तो लोकांबरोबर जेवायला बसला होता. खाऊन झाल्यावर तो उठला, आपली कागदी ताटली उचलली, शेजारच्या म्हातारीची उचलली, समोरच्या पोरांच्या उचलल्या आणि सगळ्या एकावर एक रचून कचऱ्याच्या पिंपापर्यंत नेऊन टाकल्या. मग परत येऊन कागदाने बाक पुसला. कॅमेरा तोवर दुसरीकडे वळत होता, कोपऱ्यात जेमतेम दिसतं. काकांनी तो व्हिडिओ मला कितीदा दाखवला असेल. "बगा बगा, आता पुसतो. कोणी सांगितलंय काय त्याला? पानं उचलणारा माणूस हाय हा." तेव्हापासून तो पानंवाला.

मुलीला मात्र दुसरी एक उमेदवार पसंत होती. ती नर्सांच्या पाळ्यांबद्दल बोलायची, एका नर्सने किती रोगी सांभाळायचे याबद्दल बोलायची. काकांनी तिचं नाव मास्तरीण ठेवलं होतं, कारण तिने कणीस सुरीने कापून, दाणे सुटे करून काट्याने खाल्ले होते.

दिवाळीनंतरची गोष्ट. रविवारी मी खाली होते, त्यांच्या फोनचा आवाज नीट येत नव्हता म्हणून स्पीकरवर लावून दिला होता. मुलीचा आवाज थकलेला. रात्रपाळी करून आली होती. म्हणाली, "बाबा, या वेळी मी त्या बाईला द्यायचं म्हणते. आमच्याबद्दल ती एकटी बोलते रे."

"तिला?" काका म्हणाले. "ती खात नाय, चिवडते. अशा माणसाला दुसऱ्याची भूक नाय कळायची. आपला पानंवालाच बरा."

"भुकेचं नाही चाललंय बाबा. मी काल सलग सोळा तास उभी होते."

"हां, पण तू त्याचा बाक पुसतानाचा बगितलास काय? मी पाठवला होता."

मला वाटलं फोन कटला. मी उठून बघायला गेले.

"बाबा," ती म्हणाली, "त्या माणसाने कुणाची पानं उचलली ते तुला ठाऊक आहे. मी रात्री जेवले का, ते विचारलंस कधी? आम्ही दोघी पानावर बसून तुझी वाट बघायचो. तू रजेवर आलेला असायचास, घरात असायचास, आणि तरी येऊन बसायचा नाहीस. आई म्हणायची, जेव तू, बाबा मागाहून जेवतील. एकदा तरी बसलास आमच्याबरोबर? एकदा?"

काका ओट्यापाशी उभे होते. हातात खवलेल्या नारळाची वाटी. ते म्हणाले, "तुला उशीर होत असंल. ठेवतो गो," आणि मला हाताने खूण केली. मी फोन बंद केला.

तेव्हापासून रविवारचा फोन बंद झाला.

पानंवाल्याचं बघणं बंद झालं नाही. रोज संध्याकाळी ते पडवीत फोन घेऊन बसायचे. डबे जात होते, मासेवालीशी बोलणं होत होतं. रविवार आला की मात्र फोन खिशातून काढून समोरच्या स्टुलावर उभा करून ठेवायचे. मी एकदोनदा म्हटलं, "तुम्हीच लावा ना काका." ते म्हणायचे, "ड्युटीवर असंल." नाहीतर, "झोपली असंल." तिथली वेळ त्यांना बरोबर ठाऊक असायची, मला तोंडी हिशेब करून सांगायचे, आणि कुठल्याच वेळी फोन करण्याजोगं नसायचं.

त्याच दिवसांतली एक दुपार. मला सुट्टी होती. मी जेवायला बसले होते तर ते जिना चढून वर आले. हातात त्यांचं स्वतःचं ताट. भात, आमटी, थोडी तळलेली मांदेली. म्हणाले, "बसू काय?"

मी सरकून जागा केली. ते भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसले. गुडघे दुखत असणार, पण तसं दाखवलं नाही. एक घास कालवला, उचलला, माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम खाली बघून खात राहिले. त्यांनी घास तोंडात घातला. दुसरा घातला. मग नुसतेच बसले. भात बोटांनी इकडचा तिकडे करत होते.

"खाली बसलो की घास उतरत नाय," शेवटी ते म्हणाले. "मी नवीन लागलो होतो ना बोटीवर, तेव्हा एकदा बसलो सगळ्यांच्या बाकावर. भूक लागली होती. मुख्य कुक आला आणि कॉलर धरून उठवलं. गॅलीतली, म्हणजे रांधणारी माणसं मागाहून, उभ्यानं. तो वाईट नव्हता. त्याला पण कुणी तसंच उठवलं असंल." ताटाकडे बघत म्हणाले, "मंग घरात पण बसायला गेलो की वाटायचं, आता कोणतरी येऊन उठवंल. बायकोसमोर, पोरीसमोर. त्यापेक्षा नकोच ते."

"हे मुलीला सांगितलंत कधी?"

"हे काय सांगायचं?" ते भिंतीला धरून उठले. ताट घेऊन खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहून उरलेला भात खाल्ला. पण खाली गेले नाहीत. माझ्याच खोलीत खाल्ला.

थंडी सरता सरता एका सकाळी त्यांनी मला जिन्यातच गाठलं. चेहरा उतरलेला. "मॅडम, आपला पानंवाला बसला."

त्याने उमेदवारी मागे घेतली होती. पहिल्या दोन राज्यांतच त्याला जेमतेम मतं पडली होती, पैसे संपले होते. त्याचा निरोपाचा व्हिडिओ आम्ही पडवीत उभ्यानेच बघितला. बायको शेजारी उभी होती, तो हसून आभार मानत होता. काका म्हणाले, "जेवला नसंल सकाळपासून." मग म्हणाले, "बायला सांगायला होवं. तिकडं अजून मतदान व्हायचंय. तिला ठाऊक नसलं तर फुकट जाईल तिचं मत."

मी म्हटलं, "लावा मग."

या वेळी त्यांनी ड्युटीचं कारण सांगितलं नाही. स्वतःच नंबर लावला. फोन कानाला न धरता तोंडासमोर धरून उभे राहिले. रिंग जात राहिली. कुणी उचलला नाही. "कामात असंल," ते म्हणाले. "बगंल ती. लावंल."

पुन्हा लावा म्हणून मी आग्रह केला. ते नको म्हणाले. पण त्या दिवशी ते खुशीत होते. मला म्हणाले, "आता विचारतो तिला, कुणाला द्यायचं म्हणतेस. मास्तरीण म्हणाली तर मास्तरीण."

तिचा फोन त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे आणायला गेले, येताना पाखाडीवर छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून नेलं. मला ऑफिसात फोन आला आणि मी पोचले तोवर सगळं संपलं होतं. घरी गेले तर ओट्यावर नारळ फोडून ठेवलेला, टोपात पाणी. त्या दुपारी पाखाडीवरच्या कितीतरी घरांत चूल उशिरा पेटली.

अग्नी पुतण्याने दिला. मुलगी आली ती सगळं आटोपल्यावर. विमान, मग मुंबईहून गाडी. पाखाडी उतरून आली तेव्हा तिच्या पायांत थंडीतले जाड बूट होते. चेहरा अगदी काकांचा. बाराव्यापर्यंत ती राहिली. पाहुणे, पुतण्याची माणसं, शेजारणी, सगळ्यांत ती होती, पण कुणाशी फारसं बोलत नव्हती. लोक तिला येऊन सांगायचे, तुझ्या बाबांनी आम्हाला इतकं खाऊ घातलं. ती मान हलवायची. एकदा ते ऐकता ऐकताच उठून मागच्या अंगणात गेली.

जायच्या आदल्या संध्याकाळी ती वर माझ्या खोलीत आली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. काकांचा तो फोन, न उचललेला, त्यात दिसत होता.

"मी मोकळी होते तेव्हा," ती म्हणाली. "नाव बघितलं. मला वाटलं, पुन्हा तेच चालू करेल. रविवारी लावू म्हटलं. त्याने कधीच स्वतःहून फोन केला नव्हता हो. मला कळायला हवं होतं." मग विचारलं, "तुम्ही होतात ना इथे? काय सांगायचं होतं त्याला?"

तिला काय ऐकायचं होतं ते मला दिसत होतं. बाबांना वाईट वाटत होतं, त्यांना तुमची माफी मागायची होती, असं मी म्हणू शकले असते. ते सगळं खोटंही ठरलं नसतं. पण फोन त्यासाठी नव्हता.

"पानंवाला बसला, हे सांगायचं होतं," मी म्हटलं. "तुमचं मत फुकट जाऊ नये म्हणून."

तिने माझ्याकडे बघितलं आणि एकदम हसायला लागली. हसता हसता तोंडावर ओढणी धरली आणि ती ओढणी मग कितीतरी वेळ तोंडावरून काढलीच नाही.

"आणि तुम्हाला कुणाला द्यायचंय ते विचारणार होते," मी म्हटलं. "मास्तरीण म्हणालात तर मास्तरीण."

मग मी तिला त्या दुपारचं सांगितलं. ते ताट घेऊन वर आले ते, भिंतीला टेकून बसले ते, कॉलरची गोष्ट, सगळं. ते कुठे बसले होते तेवढं तिने विचारलं. मी जागा दाखवली. ती तिथे जाऊन बसली नाही, नुसती बघत राहिली.

"आईला हे माहीत असेल?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती गेली. घराची किल्ली माझ्याकडे ठेवून गेली, घर विकायचं की नाही ते पुढे बघू म्हणाली. पुतण्या नाट्याहून महिन्यातून एकदा येऊन झाडलोट करून जाई. मी वर राहतच होते. मासेवाली सवयीने उंबऱ्यावर टेकायची आणि पाणी पिऊन पुढे जायची.

आंब्याचे दिवस होते. संध्याकाळी मी नुकतीच ऑफिसातून आले होते तर तिचा फोन. तिकडे सकाळ होती. आवाजावरून गाडीत असावी.

"काल मत देऊन आले," ती म्हणाली.

"मास्तरणीला?"

"नाही. बाबाच्या माणसाला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "पण तो तर बसला होता ना?"

"बसला, पण नाव राहतं. कागद आधीच छापून झालेले असतात. मी आत गेले ती मास्तरणीला द्यायचं ठरवून. कागद हातात घेतला तर खाली त्याचं नाव. बराच वेळ उभी राहिले तिथे. मागच्या बाईने विचारलं, काही अडचण आहे का? मी म्हटलं नाही, आणि दिलं त्याला."

"मग ते मत..."

"मोजतात. उपयोग काही नाही." कुठेतरी गाड्यांचा आवाज येत होता. "उठल्या उठल्या निकाल बघितला आमच्या भागातला. मी म्हटलं, त्याला माझं एकटीचं असेल. पण आणखीही पडलीत थोडी मतं. त्याचा प्रचार बंद होऊन इतके दिवस झाले, सगळ्यांना माहीत आहे की तो नाही आता. तरी माणसं आत गेली आणि त्यालाच देऊन आली."

"कोण असतील?" मी विचारलं.

"तोच विचार करतेय सकाळपासून," ती म्हणाली. "त्यांच्या घरी काय झालं असेल?"